काढले, तपासले, मंजूर

दुपारी दोन वाजता दार वाजवणारा माणूस एक तर कुरियरवाला असतो, नाही तर सोसायटीचा सेक्रेटरी. माझी शाळा सकाळच्या सत्रातली. दोनला मी जेवून आडवा होण्याच्या बेतात असतो आणि या दोघांवरही सारखाच वैतागतो. त्या दिवशी दार उघडलं तर समोरच्या ब्लॉकमधल्या कुंदाताई सुर्वे उभ्या होत्या. हातात मोठ्या कागदाची गुंडाळी, कानावर पेन्सिल आणि मनगटावर घड्याळ. रिटायर होऊन सात-आठ वर्षं झालेली बाई भरदुपारी घरातल्या घरात घड्याळ कशाला लावते, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

"मिलिंद, दहा मिनिटं आहेत का रे? एक सही हवी होती," त्या म्हणाल्या.

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली इमारत पाडून नवी बांधायची बोलणी तेव्हा चालू होती. आठवड्याला एक अर्ज फिरायचा आणि मी तो न वाचता सही करून पुढे सरकवायचो. मी खिशातलं पेन काढलं आणि कुठे करू म्हणून विचारलं. कुंदाताईंनी कागद मागे ओढला.

"न बघता सही करणारा नकोय मला. तसले एकतीस वर्षं बघितलेत."

मग त्या आत आल्या, आमच्या जेवणाच्या टेबलावरचं लोणच्याची बरणी बाजूला केली आणि कागद पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. कागदावर एक रॉकेट होतं. समोरून, बाजूने, वरून आणि मधोमध कापल्यावर कसं दिसेल तसं. रेघा इतक्या बारीक आणि सरळ, की छापील वाटावं. उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट, तिचे तीन भाग. पहिल्यात 'काढले' आणि त्याखाली कुंदा सुर्वे अशी सही. दुसऱ्यात 'तपासले', खाली मोकळं. तिसऱ्यात 'मंजूर', तेही मोकळं.

मी आठवीला मराठी शिकवतो. घरातला मिक्सर बिघडला तर मी त्याला दोन चापट्या मारतो, तेवढंच माझं यंत्रशास्त्र. मला यातलं काही कळत नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं.

"तेच बरं," कुंदाताई म्हणाल्या. "कळणारा माणूस बघत नाही. त्याला वाटतं, असेलच बरोबर."

अशा रीतीने मी अंतराळ विभागाचा तपासनीस झालो आणि माझी दुपारची झोप कायमची गेली.

हे रॉकेट होतं कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं. कुंदाताईंची भाची प्रज्ञा डोंबिवलीला राहते. तिने आपला जुना लॅपटॉप मावशीला दिला, व्हिडिओ कॉल करता यावेत म्हणून. कॉलेजात असताना प्रज्ञाने त्यात हा खेळ घातला होता आणि विसरून गेली होती. त्यात एक मोठी शेड असते. टाक्या, इंजिनं, पंख, कॅप्सूल असे सुटे भाग असतात, ते एकमेकांना जोडून रॉकेट बनवायचं आणि उडवायचं. आत टपोऱ्या डोळ्यांची बुटकी माणसं बसतात. रॉकेट नीट बनलं तर ती आकाशात जातात, नाही तर तुम्हीच बघून घ्या. इंधन, वजन, गुरुत्वाकर्षण सगळं खऱ्यासारखं. कुंदाताईंनी चुकून ते चित्र दाबलं, शेड उघडली, आणि त्यांनी प्रज्ञाला फोन करून सांगितलं, अगं यात आमच्या कारखान्यातल्यासारखी असेंब्ली सापडली. त्या दिवसापासून व्हिडिओ कॉल बंद पडले ते पडलेच.

खेळ हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. मी एकदा म्हणालो, काय कुंदाताई, गेम कसा चाललाय? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काम बरं चाललंय असं उत्तर दिलं. कामाची वेळ दोन ते चार. दोनला पाच कमी असताना त्या घड्याळ लावत, साडीचा पदर खोचत, पाण्याची बाटली टेबलाच्या डाव्या हाताला ठेवत. चारला लॅपटॉप बंद. रॉकेट हवेत असलं तरी बंद. एकदा चारला दोन मिनिटं कमी असताना मी म्हणालो, आता एवढं उडवूनच टाका. त्या सरळ चहाचं आधण ठेवायला गेल्या.

कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं ड्रॉइंग काढली. मोठमोठ्या टाक्यांची, बॉयलरची, रसायनं उकळायच्या भांड्यांची. ड्रॉइंग ऑफिसात त्या एकट्या बाई. ओळखपत्रावर हुद्दा 'ड्राफ्ट्समन' असाच छापलेला होता आणि तो बदलून घ्यावा असं त्यांना कधी वाटलं नाही. कंपनी बंद पडली तेव्हा सगळे लोक काही ना काही घेऊन गेले. कुंदाताईंनी फक्त आपला ड्रॉइंग बोर्ड मागितला. तो रिक्षात मावेना, तर कोलशेतपासून नौपाड्यापर्यंत टेम्पोच्या मागे बसून तो हाताने धरून आणला. त्याच बोर्डावर आता रॉकेटं निघत होती.

इतक्या वर्षांत 'मंजूर'च्या चौकटीत त्यांची सही एकदाही झाली नाही. 'तपासले'मध्येही नाही. काढणारा हात कायम त्यांचा, बाकी दोन्ही सह्या साहेब लोकांच्या. याची त्यांना खंत होती का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. रॉकेटच्या कागदावर तिसरी चौकट रिकामी का ठेवता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, मंजूर करणारे साहेब रजेवर आहेत.

त्यांची रॉकेट बनवण्याची रीत उलटी होती. प्रज्ञाने एकदा मला सांगितलं, की तिच्या मित्रांमध्ये सगळे आधी इंजिनाकडे धावायचे. जेवढं मोठं, तेवढं भारी. कुंदाताई आधी पॅराशूट ठेवत. कोऱ्या कागदाच्या अगदी वर, एकटंच. मग त्याखाली माणूस बसायची कॅप्सूल, मग तिचं दार, मग शिडी. माणूस परत जमिनीवर कसा उतरणार हे पूर्ण ठरलं, की मग त्याला वर पाठवायचा विचार. "आत गेलेला माणूस बाहेर आला पाहिजे," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या वर्गात चुकून तोंडातून निघून जातं.

माझं काम सोपं होतं. एका हातात कागद धरायचा, डोळे स्क्रीनवर ठेवायचे, आणि कागदावरची प्रत्येक गोष्ट स्क्रीनवर आहे का ते बोट ठेवून बघायचं. दिसेल ते बोलायचं. एकदा मी विचारलं, दार या बाजूला आणि शिडी त्या बाजूला, मग हा माणूस काय यानाला प्रदक्षिणा घालून उतरणार? कुंदाताईंनी स्क्रीनकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली आला. संध्याकाळी आमच्याकडे शिऱ्याची वाटी आली. माझ्या बायकोने विचारलं, काय विशेष? मी सांगितलं, शिडी सापडली. तिने शिरा वाढायला घेतला.

रॉकेटं पडायची, फुटायची, उभ्या जागी कलंडायची. कुंदाताई अजिबात हळहळत नसत. "स्क्रॅप," एवढंच म्हणत आणि कागदावर लाल पेन्सिलीने कारण लिहीत. पण ही सगळी रॉकेटं रिकामी असायची. माणूस आत बसवायचा तर तेच रॉकेट आधी तीनदा सुखरूप जाऊन यायला हवं, असा नियम. आणि त्या बुटक्या माणसांना खेळाने दिलेली नावं त्यांनी रद्द करून टाकली होती. स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर कारखान्यातली नावं होती: पाटील फोरमन, डिसूझा स्टोअरवाले, आणि सगळ्यात वर, सावळाराम मिस्त्री.

सावळाराम कोण, हे मला त्या बिल्डरच्या मीटिंगनंतर कळलं. मीटिंग गच्चीवर होती. बिल्डरची माणसं रंगीत पुस्तिका घेऊन आली होती. त्यात पोहण्याचा तलाव, आकाशातली बाग आणि बागेत हसणारं गोरं कुटुंब. आमचे लोक कार्पेट एरियावर तुटून पडले होते. कुंदाताई मात्र पर्समधून पट्टी काढून पुस्तिकेतल्या नकाशावर काहीतरी मोजत होत्या. शेवटी त्यांनी तरुण आर्किटेक्टला विचारलं, जिना खाली कुठे उघडतो? तो म्हणाला, मॅडम, दोन जिने आहेत. त्या म्हणाल्या, दोन आहेत ते दिसलं, पण दोन्ही त्याच पार्किंगमध्ये उतरतात, तिथेच गाडीने पेट घेतला तर बाविसाव्या मजल्यावरची माणसं कुठून बाहेर पडणार? आर्किटेक्टने नकाशा फिरवून पाहिला. पंधरा दिवसांनी नवा नकाशा आला, त्यात एक जिना मागच्या गल्लीत उघडत होता. कुंदाताईंनी पुस्तिकेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सुधारणा अ' लिहून ठेवलं.

त्या दिवशी खाली येताना मी त्यांना विचारलं, तुमचा हा बाहेर पडायचा ध्यास आहे तरी कुठला? जिन्यातच थांबून त्यांनी गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. एका उंच टाकीचं ड्रॉइंग त्यांनी काढलं होतं. टाकीच्या पोटात वाफेच्या नळीचे वेढे आणि बाजूला माणूस आत शिरायला एक गोल तोंड. नळी एका चित्रात काढली, तोंड दुसऱ्या चित्रात. दोन्ही चित्रं आपापल्या जागी बरोबर. फक्त एकत्र ठेवली तर नळीचा शेवटचा वेढा नेमका त्या तोंडावरून जात होता. तपासणाऱ्या साहेबांनी, कुंदाचं ड्रॉइंग म्हणजे बघायला नको, असं म्हणून सही केली. सावळाराम मिस्त्री कोलशेत गावातलाच, वेल्डर म्हणून एक नंबर. तो आत उतरला आणि कागदाबरहुकूम एकेक वेढा जोडत गेला. कामात मान खाली असली की माणूस पाठीमागचं भोक बघत नाही. शेवटचा टाका मारून वळला, तर बाहेर यायच्या वाटेवर त्यानेच जोडलेली नळी. स्वतःचंच काम कापून तो बाहेर येईपर्यंत दीड तास गेला. बाहेर आला तो काजळी माखलेला. सगळी शेड हसत होती. कुंदाताईंना पाहून तो गावच्या बोलीत म्हणाला, "बाय, जावाची वाट कारलीस, येवाची इसरलीस."

"तोसुद्धा हसतच म्हणाला रे," कुंदाताई म्हणाल्या. "मला काही हसू आलं नाही. आत गॅस साठला असता तर?"

इतकी वर्षं झाली तरी सांगताना त्यांचा हात कठड्यावर घट्ट होता. मी विषय बदलला.

आता जे घडलं ते माझ्या गैरहजेरीत घडलं. मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा डोंबिवलीला होता, आम्ही दोन दिवस तिकडे गेलो होतो. इकडे कुंदाताईंचं नवं रॉकेट तीनदा रिकामं जाऊन आलं होतं. आता माणूस बसवायचा, पृथ्वीभोवती दहा फेऱ्या मारून परत आणायचा. शेवटच्या घटकेला त्यांना वाटलं, वजन जरा जास्त होतंय. किती फरक पडतो बघावं म्हणून त्यांनी पॅराशूट तात्पुरतं काढलं. मग विचार बदलला, स्वतःचाच नियम मोडून इंजिनच वेगळं लावलं, ते छान जमलं. पॅराशूट परत बसवायचं राहून गेलं. तपासनीस डोंबिवलीत जिलबी खात होता. कुंदाताईंनी कागद हातात घेतला, कागदावर पॅराशूट होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा 'तपासले'च्या चौकटीत त्यांनी स्वतः सही केली. त्यांनी कागद कागदाशीच ताडून पाहिला होता. आत बसवलेला माणूस सावळाराम होता.

मी परत आलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. पाच वाजले होते आणि लॅपटॉप चालू होता, त्यावरूनच मी समजलो. स्क्रीनवर ते इवलंसं यान निळ्या पृथ्वीवरून शांतपणे सरकत होतं. खाली कोपऱ्यातल्या चौकोनात सावळाराम टपोरे डोळे करून हसत होता. त्याला काय ठाऊक.

"उतरवलं तर आपटेल," कुंदाताई म्हणाल्या. "नाही उतरवलं तर फिरत राहील."

प्रज्ञाने खेळातली एक सोय मला आधीच सांगितली होती. एक बटण दाबलं की उड्डाणाच्या आधीच्या क्षणाला परत जाता येतं, जणू काही घडलंच नाही. मी ते सुचवलं. कुंदाताईंनी इतक्या दुखावल्या नजरेने माझ्याकडे पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"टाकीच्या वेळी होतं का बटण?" त्यांनी विचारलं. "माणूस वर आहे. तो आणायचा."

ते नुसतं चित्र आहे, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, कारण मलाही तो नुसतं चित्र वाटत नव्हता.

त्यातच इमारत रिकामी करायची नोटीस आली. दिवाळीच्या आत सगळ्यांनी जायचं. आम्ही कळव्याला भाड्याची जागा पाहिली, कुंदाताई प्रज्ञाकडे डोंबिवलीला जाणार होत्या. लॅपटॉप त्यांच्याबरोबर जाणार होता, पण तपासनीस जाणार नव्हता. आणि आता जीव गेला तरी तपासल्याशिवाय काही उडवणार नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. म्हणजे सावळारामला आणायला आमच्याकडे जेमतेम दीड महिना होता.

दुसरा माणूस पाठवून पहिल्याला आणायचं, हे मला सरळ वाटत होतं. कुंदाताईंना ते साफ नामंजूर. एकाला आणायला दुसरा गेला की दुसऱ्याला आणायला तिसरा लागतो, म्हणाल्या. आपोआप चालणारं, एक खुर्ची रिकामी असलेलं यान पाठवायचं, ते सावळारामच्या शेजारी नेऊन थांबवायचं, त्याने त्यातून यात यायचं, आणि खाली. ऐकायला हे सोपं आहे. पण ती दोन्ही यानं सुसाट फिरत असतात, आणि पुढच्याला गाठायला वेग वाढवला की आपण वर फेकले जातो, फेरा मोठा होतो आणि अंतर आणखी वाढतं. पहिलं यान सावळारामच्या समोरून असं सणकन निघून गेलं की त्याने हात जरी केला असता तरी दिसला नसता. दुसरं जवळ पोचलं, पण थांबण्यापुरतं इंधन उरलं नव्हतं. दोन्ही कागदांवर लाल पेन्सिल फिरली. माझा धीर सुटला होता. त्यांचाही सुटत आला असावा, कारण एका दुपारी त्या घड्याळ लावायला विसरल्या.

मग एके सकाळी, शाळेला सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर तलावपाळीला, तळ्याभोवती फेरी मारायला गेलो होतो. पुढे आमच्या सोसायटीतले करंदीकर ताडताड चालले होते, दुकानांच्या बाजूच्या फुटपाथवरून. कुंदाताई एकदम थांबल्या आणि मला घेऊन रस्ता ओलांडून तळ्याच्या कठड्याकडे गेल्या. म्हणाल्या, आता सावकाश चल. आम्ही रमतगमत चाललो. अर्धी फेरी होते न होते तोच आम्ही रस्त्यापलीकडच्या करंदीकरांच्या बरोबरीला आलो. आतला फेरा लहान, एवढंच कारण.

"गाठायचं तर वेग कमी करायचा. म्हणजे आपण आतल्या फेऱ्यात उतरतो," त्या करंदीकरांकडे बघत म्हणाल्या. करंदीकरांनी गोंधळून नमस्कार केला.

त्यांनी सकाळीच घड्याळ लावलं. पण काम दोनलाच सुरू केलं.

तिसऱ्या यानाचा कागद मी सलग दोन दुपारी तपासला. पॅराशूट एक नाही, तीन होती. ती मी कागदावर मोजली, स्क्रीनवर मोजली, मग डोळे मिटून उघडून परत मोजली. पुढची तीन दुपारी आम्ही आतल्या फेऱ्यात सरकत सरकत सावळारामच्या मागे होतो. चौथ्या दुपारी दोन्ही यानं एकमेकांच्या समोर येऊन थांबली. मधलं अंतर आमच्या दोन दारांमधलं असावं तेवढं. कुंदाताईंनी सावळारामला दार उघडून बाहेर काढलं. काळ्याभोर आभाळात ते बुटकं ध्यान पाठीवरच्या नळकांड्यातून फुसफुस करत तरंगू लागलं. एकदा यानाच्या वरून गेलं, एकदा खालून. कुंदाताई एका बोटाने बटणं दाबत होत्या आणि मी, मला काहीच करायचं नसताना, कागदावरच्या दारावर बोट ठेवून बसलो होतो. शेवटी त्याने दांडी धरली आणि आत गेला. खाली येताना कॅप्सूल लालबुंद झाली. मग एक पॅराशूट उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, आणि सावळाराम समुद्रात अलगद टेकला.

कुंदाताईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या, बराच वेळ. मी उठून चहा टाकला, त्यांच्या घरात पहिल्यांदाच.

मला वाटलं संपलं. दोन दिवसांनी दुपारी दार वाजलं. कागदाची गुंडाळी आणि पर्स घेऊन कुंदाताई बाहेर जायच्या तयारीत होत्या. म्हणाल्या, चल, साहेबांची सही घ्यायचीय. रिक्षात बसल्यावर त्यांनी कोलशेत सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कोलशेतला आता सगळीकडे टॉवर. कारखाना होता तिथेही एक उभा राहिलाय. पण मागे जुनं गाव आहे तसं आहे. देवळाजवळच्या दुकानात सावळाराम मिस्त्रीचं घर विचारलं, तर दुकानदाराने नुसतं बोट दाखवलं. ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक ऐंशीच्या घरातला माणूस बसला होता. हात अजून दणकट, कान मात्र गेलेले. कुंदाताई समोर उभ्या राहिल्या. त्याने खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "ड्राइंगवाली बाय."

पाणी झालं, चहा झाला. मग कुंदाताईंनी, जे बोलायला इतकी वर्षं लागली ते, मोठ्या आवाजात सांगितलं, कारण हळू सांगून त्याला ऐकू गेलं नसतं. मिस्त्री, त्या टाकीच्या वेळी चूक माझी होती, म्हणाल्या. आतून सुना डोकावून बघायला लागल्या. सावळारामला आधी काही आठवेना. मग आठवलं आणि तो खूश झाला. त्या दिवशी साहेबाने त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती आणि तो ठाण्याला सिनेमा बघायला गेला होता. सिनेमाची गोष्टही त्याने सांगायला घेतली. कुंदाताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. जे ओझं त्या इतकी वर्षं वागवत होत्या, ते दुसऱ्या टोकाला कुणी उचललेलंच नव्हतं.

मग त्यांनी कागद ओटीवर पसरला. सावळारामने चष्मा मागवला. आणि एवढा वेळ हसणारा तो माणूस कागदावर वाकला. हातातलं काम बघणाऱ्याचा चेहरा कसा होतो, तसा त्याचा चेहरा झाला. जाड बोट कागदावर वरपासून खालपर्यंत फिरलं. माणूस कुठे बसतो, त्याने विचारलं. कुंदाताईंनी दाखवलं. भायेर कुठशी येतो, त्याने विचारलं. त्यांनी दार दाखवलं, तीन पॅराशूट दाखवली. त्याचं बोट दारावरून निघालं आणि वाटेत काही आडवं येतंय का ते बघत बघत बाहेर आलं. मग त्याने ते परत एकदा केलं.

"कोन जेलता आत?" त्याने विचारलं.

"सावळाराम गेला होता," कुंदाताई म्हणाल्या.

त्याने मान वर केली. "आयला भायेर?"

"आला."

सावळारामने पेन घेतलं आणि 'मंजूर'च्या चौकटीत, चौकटीच्या बाहेर जात, आपलं पूर्ण नाव लिहिलं. परतताना रिक्षात कुंदाताई गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या, नौपाडा येईपर्यंत. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तो कागद त्यांनी मला दिला, आता माझ्या कळव्याच्या घरात भिंतीवर आहे. फोन होतात. प्रज्ञा सांगते, डोंबिवलीत खालच्या मजल्यावरच्या कुणा आजोबांना तपासनीस नेमलंय, ते चंद्रावर जाण्याआधी दहा शंका काढतात. पण समोर उभ्या अशा कुंदाताई मी शेवटच्या पाहिल्या, त्या सामान हलवायच्या दिवशी.

टेम्पो आमच्या अरुंद गल्लीत तोंड घालून उभा होता. सामान चढलं, ड्रॉइंग बोर्ड सगळ्यात वर बांधला. ड्रायव्हर घाई करत होता, पण कुंदाताई बसायला तयार नव्हत्या. गाडी बाहेर कशी काढणार, असं त्यांनी त्याला विचारलं. मावशी, निघते हो गाडी, रोजचं आहे, तो म्हणाला. त्या चालत गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत आल्या.

"मी बघितलंय," त्या मला म्हणाल्या. "आता तू तपास."

मी गेलो. कोपऱ्यावर एक स्कूटर लागलेली होती, ती मी उचलून बाजूला केली. तिथेच थोडा वेळ उभा राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि तसं परत जायचं नव्हतं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, नीट, बोट ठेवून बघावं तसं. परत येऊन सांगितलं, वाट मोकळी आहे. तेव्हा कुठे कुंदाताई टेम्पोत चढल्या.